कर्करोगाचा माग काढणारे डॉ. खानोलकर

गाठ हाताला लागण्यापूर्वीच रक्तातील एखाद्या रेणूवरून किंवा जनुकातील बदलावरून रोगाचा धोका ओळखणे, कोणते औषध लागू पडेल याचा अंदाज बांधणे, ही आजच्या वैद्यकाची दिशा आहे. मात्र कर्करोग नेमका कोणाला होतो आणि का, हा प्रश्न मुंबईत चिकाटीने हाताळला तो डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. त्या काळी डीएनएची रचनाही उलगडलेली नव्हती.

१३ एप्रिल १८९५ रोजी क्वेट्टा येथे जन्मलेल्या खानोलकरांनी लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये एम.डी. पदवी मिळवली. मुंबईत त्यांनी विकृतिशास्त्राचे अध्यापन केले. १९४१ मध्ये परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळेची धुरा त्यांच्याकडे आली.

सूक्ष्मदर्शकाखालील पेशींवर त्यांचे समाधान होणारे नव्हते. रुग्ण काय खातो, काय ओढतो, काय नेसतो, याची ते नोंद घेत. आंध्र किनाऱ्यावरील स्त्रिया चुट्टा पेटते टोक तोंडात धरून ओढत. त्यांच्या टाळूला कर्करोग होई. धोतर वर्षानुवर्षे कमरेला घट्ट आवळल्याने त्याच जागी त्वचेचा कर्करोग होतो, हे त्यांनी सूर्याबाई यांच्यासह १९४५ मध्ये मांडले. रोगाची जागा सवयीकडे बोट दाखवत होती. सवय टाळता येण्याजोगी होती, हे त्यातले मोलाचे; कारण रुग्णालयात पोहोचेपर्यंत बहुतेकांचा रोग बळावलेला असे.

पण सवयीने सारेच उलगडत नव्हते. माणसाच्या रक्तातच काही निराळेपण असेल काय? एल. डी. संघवी यांच्यासह त्यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही समाजगटांच्या सात आनुवंशिक लक्षणांची मोजदाद केली. रक्तगट हे काही कर्करोगाचे खात्रीचे भाकीत करणारे चिन्ह नव्हे. तरी भारतीयांच्या आनुवंशिकतेचा अभ्यास भारतातच व्हायला हवा, ही जाण त्यामागे होती.

१९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले, त्याचे ते संस्थापक-संचालक. कुष्ठरोगावरील त्यांचे संशोधनही तोलामोलाचे. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिक धोका सांगणारे बीआरसीए-१ जनुक त्यानंतर सोळा वर्षांनी, १९९४ मध्ये हाती लागले. त्यांच्या केंद्राचा वारसा चालवणाऱ्या खारघरच्या संस्थेतील एका इमारतीला ‘खानोलकर शोधिका’ असे नाव आहे.