आजचं वाचन : रूथ, अध्याय 1 – रमाबाईंची पायवाट



आजचा अध्याय ओळखीचा आहे. बेथलेहेमात दुष्काळ पडतो, एक कुटुंब पोटासाठी मवाबात जातं, तिथे घरातले तिन्ही पुरुष मरतात आणि मवाबी सून सासूबरोबर परतीची वाट चालू लागते. वाचताना मला पंडिता रमाबाई आठवल्या.

आधी एक कबुली देते. आमच्या युथ ग्रुपला आपापल्या घराण्यातल्या विश्वासाची गोष्ट लिहून आणायची होती. मी राईला आजीजवळ राहते. वहीत पहिलंच वाक्य लिहिलं, की आमची गोष्ट आजीच्या बाप्तिस्म्यापासून सुरू होते. आजीला ते वाचून दाखवलं, तर ती काही न बोलता खिडकीशी जाऊन बसली. माझं काय चुकलं ते कळेना.

रमाबाईंचा जन्म 1858 चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बाईने संस्कृत शिकणं पाप समजलं जायचं, त्या काळात त्यांनी पंडितांचा रोष पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं. लक्ष्मीबाईंनी तेच धन रमेला दिलं, तेही प्रवासात, पहाटे उठवून. कारण हे कुटुंब सतत चालत असायचं. एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थाला जायचं, पुराण सांगायचं आणि मिळेल त्यावर जगायचं.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. होतं नव्हतं ते संपलं, रानातली पानं खाऊन दिवस काढले. आधी वडील गेले, काही आठवड्यांनी आई, पुढे थोरली बहीण. आईला स्मशानात न्यायला माणसं मिळेनात. कसेबसे दोघं आले, तिसरा भाऊ आणि चौथी स्वतः रमा. उंची कमी पडली म्हणून तिने आपल्या वाट्याचा भार डोक्यावर घेतला.

ती आणि भाऊ पायीच देशभर फिरत 1878 मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. 1880 मध्ये भाऊ वारला. लग्न झालं, तर 1882 मध्ये पतीही गेले. कडेवर छोटी मनोरमा. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला आणि इकडे कितीतरी लोक दुरावले.

पण उपाशी मुलीचा चेहरा रमाबाई विसरल्या नाहीत. 1896-97 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या, मुलींना घेऊन आल्या, आणि केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथेच त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणलं, खेड्यातल्या बाईला समजावं म्हणून. 1921 मध्ये मनोरमा गेली, 5 एप्रिल 1922 ला त्या स्वतः गेल्या. ते बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध झालं.

आता सांगा, ही गोष्ट 1883 च्या बाप्तिस्म्यापासून सुरू करता येईल का? मला तरी वाटतं, ख्रिस्ताला न ओळखणाऱ्या त्या शास्त्रीबुवांनी बायकोच्या हाती पोथी दिली, तिथे ती सुरू झाली. आईने पहाटे घोकून घेतलेलं व्याकरणच पुढे देवाच्या कामी आलं. आणि रूथ? ती तर मवाबातली, परक्या देवाच्या घरातली. तरी मत्तयाने तिचं नाव ख्रिस्ताच्या वंशावळीत लिहिलंच, लपवलं नाही.

मी वहीतलं वाक्य खोडलं आणि आजीला तिच्या वडिलांबद्दल विचारलं. ते मिठागरात राबायचे. पोरीला शाळेत घातलं म्हणून भावकीशी भांडले होते. तिचा बाप्तिस्मा मात्र त्यांना सोसला नाही, पुढे त्यांनी तिचं तोंड पाहिलं नाही. साठ वर्षांत हे आपल्याला कोणीच विचारलं नाही, असं ती म्हणाली. आईच्या माहेरचं नाव मात्र तिला आता आठवत नाही. ते गेलंच.

म्हणून आजचं काम एवढंच. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसा आणि त्याच्याही आधीच्या माणसांबद्दल विचारा. आजच विचारा.

प्रार्थना : प्रभू, ज्यांनी तुझं नाव न घेताही आम्हाला तुझ्या वाटेवर आणलं, त्यांच्यासाठी तुझे आभार. त्यांना विसरण्याचा उर्मटपणा आमच्यातून काढ. आमेन.