दोराबजी टाटा : घाटावरचे पाणी, मुंबईची वीज

जमशेटजी टाटा 19 मे 1904 रोजी जर्मनीतील बाद नाउहाइम येथे निवर्तले, तेव्हा त्यांचे तीन मोठे संकल्प अपुरे होते. पोलादाचा कारखाना, उच्च विज्ञानसंस्था आणि सह्याद्रीच्या पावसापासून वीज. हे तिन्ही सिद्धीस नेण्याचा भार थोरले पुत्र दोराबजी यांच्यावर आला. पहिल्या दोहोंमुळे त्यांचे नाव आजही घेतले जाते. तिसऱ्याची आठवण क्वचितच निघते. स्वच्छ ऊर्जेची भाषा सर्वत्र चालू असताना आणि पाण्यापासून हायड्रोजन काढून त्यावर वाहने चालवण्याचे प्रयोग होत असताना खरे तर तोच संकल्प आधी आठवायला हवा.

दोराबजींचा जन्म 27 ऑगस्ट 1859 रोजी मुंबईत झाला. केंब्रिजमध्ये दोन वर्षे काढून ते परतले आणि 1882 मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाले. पुढची दोन वर्षे त्यांनी बॉम्बे गॅझेट या वृत्तपत्रात काम केले. मग घरचा धंदा, नागपूरची एम्प्रेस मिल. म्हैसूर संस्थानातील शिक्षणाधिकारी होरमसजी भाभा यांच्या कन्या मेहरबाई यांच्याशी 1898 मध्ये त्यांचा विवाह झाला. त्यांना अपत्य नव्हते.

त्या काळची मुंबई वाफेवर चालत होती. गिरण्यांची धुराडी दिवसभर काजळी ओकत आणि त्यांना लागणारा दगडी कोळसा दूर बंगालकडून आणावा लागे. उलट लोणावळ्याच्या माथ्यावर चार महिने पाऊस अक्षरशः कोसळे आणि वाहून जाई. डेव्हिड गॉसलिंग या मुंबईतील वास्तुविशारदाने हे पाणी अडवून वीज करण्याची कल्पना मांडली होती. जमशेटजींनी ती उचलली, मात्र ती प्रत्यक्षात आली दोराबजींच्या हातून. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी 1910 मध्ये स्थापन झाली. संस्थानिक आणि व्यापारी पुढे आले आणि भांडवल देशातच उभे राहिले. त्याच वर्षी दोराबजींना सर हा किताब मिळाला.

योजना दिसायला साधी होती. पाऊस चार महिन्यांचा आणि गिरण्या बारा महिन्यांच्या, म्हणून लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथे तलाव बांधायचे. तेथून नळांवाटे पाणी पाचशे मीटरहून अधिक खाली खोपोलीला सोडायचे आणि त्या दाबावर चक्रे फिरवायची. काम मात्र अवघड होते. फेब्रुवारी 1911 मध्ये कोनशिला बसली आणि बरोबर चार वर्षांनी, फेब्रुवारी 1915 मध्ये, खोपोलीची वीज मुंबईला पोहोचली. जुनी वाफेची यंत्रे मोडीत काढायला सगळे गिरणीमालक एकदम तयार नव्हते. विजेचा हिशेब पटल्यावर मागणी इतकी वाढली की दोराबजींना आणखी दोन कंपन्या काढाव्या लागल्या. आंध्रा खोऱ्यातील पाण्यासाठी 1916 मध्ये एक आणि 1919 मध्ये टाटा पॉवर.

या विजेला धूर नव्हता. तिच्यासाठी पाण्याची दिशा मात्र बदलावी लागली. इंद्रायणी, आंध्रा, मुळा या पूर्ववाहिनी नद्या. त्यांचे पाणी भीमेला मिळते आणि भीमा पंढरपूरवरून गाणगापूरला, कलबुर्गी जिल्ह्यात उतरते. ते पाणी घाटमाथ्यावर अडवून कोकणात सोडले की भीमेच्या वाट्याला तेवढे कमी येते. सीमाभागातही याचा परिणाम सारखा नाही. बीदर जिल्ह्यातील ठाणाकुशनूर परिसराचे पाणी मांजरेवाटे गोदावरीला जाते, तर शेजारचा कलबुर्गी जिल्हा भीमेवर अवलंबून आहे. हा सारा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. पुढे 1970 च्या दशकात कृष्णा पाणी तंटा लवादाने टाटांच्या धरणांतून पश्चिमेकडे वळवल्या जाणाऱ्या पाण्याला मर्यादा घातली. म्हादईच्या वादाने पोळलेल्या गोमंतकीयांना हा प्रश्न नवा वाटणार नाही. सह्याद्री तोच, फक्त येथे पाणी उलट दिशेने वळले.

खालच्या लोकांच्या आधी वरच्यांना किंमत मोजावी लागली. मुळशीत मुळा आणि नीला यांच्या संगमावर धरण ठरले, तेव्हा सुमारे 50 मावळी गावे आणि आंबेमोहोर पिकवणारी भातखाचरे पाण्याखाली जाणार होती. जमीन ताब्यात येण्यापूर्वीच कंपनीने काम सुरू केले. एप्रिल 1921 मध्ये, रामनवमीच्या मुहूर्तावर, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभला. पांडुरंग महादेव बापट यांनी त्याचे नेतृत्व केले आणि याच लढ्याने त्यांना सेनापती हे नाव दिले. मावळ्यांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला. सरकारने कायद्याने जमिनी घेऊन कंपनीला दिल्या. बरीचशी शेते सावकारांकडे गहाण असल्याने मोबदलाही पुष्कळदा कसणाऱ्याच्या हाती पडला नाही. दोराबजींच्या चरित्रातले हे पान झाकून ठेवण्यासारखे नाही. वडिलांचा संकल्प पुरा करण्याच्या निष्ठेत त्यांना मावळातल्या माणसाचे म्हणणे ऐकण्याची उसंत मिळाली नाही, असेच म्हणावे लागते.

हाच माणूस स्वतःच्या संपत्तीबाबत कमालीचा निर्मोही होता. मुळशीचा लढा चालू असतानाच, 1924 मध्ये, जमशेदपूरचा पोलाद कारखाना बुडण्याच्या बेतात आला. कामगारांचे पगार द्यायलाही पैसे नव्हते. दोराबजींनी आपली सुमारे एक कोटी रुपयांची खाजगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली. त्यात मेहरबाईंचे दागिने होते आणि प्रसिद्ध ज्युबिली हिराही होता. कारखाना तरला.

खेळाचा त्यांना मनापासून नाद. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष असताना त्यांनी 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू पाठवण्यात पुढाकार घेतला आणि पदरचा पैसा घातला. त्या चमूत बेळगावचे धावपटू फडेप्पा चौगुले होते.

मेहरबाई जून 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. दोराबजींनी मग आवराआवर सुरू केली. पत्नीच्या नावे रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी एक न्यास केला आणि मार्च 1932 मध्ये आपली जवळजवळ सगळी संपत्ती, मेहरबाईंच्या दागिन्यांसह, दुसऱ्या न्यासाला देऊन टाकली. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि टाटा समाजविज्ञान संस्था पुढे त्यातूनच उभी राहिली. त्यानंतर पत्नीच्या समाधीच्या दर्शनासाठी ते इंग्लंडकडे निघाले. वाटेत, 3 जून 1932 रोजी, जर्मनीतील बाद किसिंगेन येथे त्यांचे देहावसान झाले. वडीलही त्याच देशात गेले होते. दोराबजींना लंडनजवळच्या ब्रुकवूड स्मशानभूमीत मेहरबाईंच्या शेजारी पुरण्यात आले.

मुळशीचे धरण त्यांच्या हयातीतच भरले आणि 1927 मध्ये भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले. तेथून सुटणारे मुळेचे पाणी आजही कुंडलिकेत पडते आणि रोह्यावरून अरबी समुद्राला मिळते.