दातांच्या फटीतला पांढरा थर

अंतोनी व्हान लेव्हेनहूकचा जन्म १६३२ साली हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात झाला. वडील टोपल्या विणायचे. तो पाच वर्षांचा असताना ते वारले. सोळाव्या वर्षी त्याला अॅमस्टरडॅमच्या एका कापड व्यापाऱ्याकडे काम शिकायला ठेवण्यात आले. विद्यापीठाची पायरी तो कधी चढला नाही. त्या काळी विज्ञानाची भाषा लॅटिन होती, तीही त्याला येत नव्हती. १६५४ मध्ये गावी परतून त्याने लग्न केले आणि कापडाचे दुकान थाटले. पुढे डेल्फ्टच्या नगर प्रशासनात त्याला नोकरीही मिळाली. पहिल्या पत्नीपासून झालेल्या पाच मुलांपैकी मारिया ही एकच मुलगी जगली. पत्नीही १६६६ मध्ये गेली.

कापडाचा पोत तपासण्यासाठी व्यापारी भिंग वापरत. लेव्हेनहूकला मात्र भिंगाचाच नाद लागला. काच वितळवून, घासून तो स्वतः भिंगे तयार करू लागला. धातूच्या दोन छोट्या पट्ट्यांमध्ये ज्वारीच्या दाण्याहूनही लहान भिंग बसवायचे, समोरच्या टोकदार खिळ्यावर पाहायची वस्तू लावायची आणि ते उपकरण अगदी डोळ्याशी धरायचे, अशी त्याची पद्धत होती. आयुष्यभरात त्याने पाचशेहून अधिक भिंगे बनवली. त्याच्या शिल्लक राहिलेल्या सूक्ष्मदर्शकांपैकी एकातून वस्तू सुमारे २७० पट मोठी दिसते.

डेल्फ्टमधल्या रेनियर द ग्राफ या डॉक्टरने १६७३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याच्याविषयी कळवले आणि पत्रव्यवहार सुरू झाला. लेव्हेनहूक डच भाषेत लिहायचा आणि सोसायटी त्याचे भाषांतर करून घ्यायची. पाण्याच्या थेंबात हजारो जीव वळवळताना दिसतात, असे त्याने १६७६ मध्ये कळवले तेव्हा लंडनच्या विद्वानांना ते खरे वाटेना. पुढच्या वर्षी रॉबर्ट हूकने स्वतः प्रयोग करून खात्री केली. १६८० मध्ये या दुकानदाराला सोसायटीचे सदस्यत्व मिळाले.

१७ सप्टेंबर १६८३ रोजी लिहिलेल्या पत्रात त्याने स्वतःच्या दातांची हकिकत कळवली. तेव्हा तो पन्नाशीचा होता. दातांची निगा तो मनापासून राखत असे. रोज सकाळी मिठाने दात घासून चूळ भरायची, जेवणानंतर दाढा काडीने कोरायच्या आणि फडक्याने खसाखसा पुसायच्या, हा त्याचा नेम होता. त्याच्या वयाच्या फार थोड्या माणसांचे दात तितके स्वच्छ असत. तरीही भिंगाच्या आरशात पाहिल्यावर त्याला दातांच्या फटींत ओल्या पिठासारखा पांढरा थर दिसला. तो थोडासा खरवडून त्याने पावसाच्या पाण्यात मिसळला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्यात असंख्य जीव होते. काही सरळ रेषेत वेगाने जाणारे, काही भोवऱ्यासारखे गरगरणारे. आज आपण त्यांना जिवाणू म्हणतो.

मग त्याने इतरांचे दात तपासले. रोज तोंड धुणाऱ्या दोन स्त्रियांच्या दातांवरच्या थरात असेच जीव निघाले. लहान मुलाच्या दातांवरही निघाले. जन्मात कधी दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडात तर त्यांची दाटीच होती.

लेव्हेनहूक एवढ्यावर थांबला नाही. त्याने तीव्र व्हिनेगरने खळखळून चूळ भरली आणि दातांवरचा थर पुन्हा तपासला. जीव अजून जिवंतच होते. नंतर त्याने खरवडलेला थर पाण्यात विरघळवून त्यात थोडेसे व्हिनेगर टाकले. या वेळी ते लगेच मेले. त्याने काढलेला निष्कर्ष साधा होता: व्हिनेगर थराच्या वरच्या जिवांना मारते, पण थराच्या आत शिरत नाही.

आजच्या दंतवैद्यकाचा एक मुख्य धडा या प्रयोगात आहे. दातांवरचा हा चिकट थर, म्हणजे प्लाक, हा जिवाणूंनी बांधलेला गढच असतो. स्वतःच तयार केलेल्या चिकट द्रव्यात ते एकमेकांना धरून राहतात. माउथवॉशने चूळ भरली की तोंडाला ताजेपणा येतो, वरवरचे जिवाणू मरतात. पण जमलेला थर तसाच राहतो. तो घासून किंवा खरवडूनच काढावा लागतो.

या जिवांचा हिरड्यांच्या आजाराशी काय संबंध आहे, हे लेव्हेनहूकला माहीत नव्हते. ते कळायला जवळपास तीनशे वर्षे लागली. १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणे थांबवायला सांगितले. दोन-तीन आठवड्यांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा दात घासायला लागल्यावर त्या पूर्ववत झाल्या. कारण आणि उपाय दोन्ही एकाच प्रयोगात सिद्ध झाले.

थर मऊ असेपर्यंत ब्रश पुरेसा असतो. पण जिथे ब्रश नीट पोहोचत नाही, तिथे लाळेतले कॅल्शियम आणि फॉस्फेट त्या थरात उतरते आणि काही दिवसांतच तो कडक होऊ लागतो. हेच कीटण. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या बाहेरच्या बाजूला ते जास्त साचते, कारण लाळग्रंथींची तोंडे तिथे उघडतात. एकदा कीटण झाले की ब्रश, मीठ, मंजन किंवा महागडी पेस्ट यांपैकी कशानेही ते निघत नाही. त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर नवा थर आणखी सहज बसतो, हिरडी सुजते, ब्रश करताना रक्त येते. या टप्प्यावर उपचार झाले तर हिरडी पूर्ण बरी होते. दुर्लक्ष झाले तर सूज खोलवर जाते आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. गेलेले हाड सहसा परत येत नाही. हे सगळे बहुधा न दुखता घडते, म्हणून दात हलायला लागेपर्यंत रुग्ण येतच नाही.

दंतवैद्याकडून करून घेतलेल्या सफाईत, म्हणजे स्केलिंगमध्ये, सूक्ष्म कंपने करणारे उपकरण आणि हाताची अवजारे यांनी हे कीटण दातांवरून आणि हिरडीच्या कडेखालून काढले जाते. स्केलिंगने दात सैल होतात, फटी पडतात, हा समज आपल्याकडे घट्ट रुजलेला आहे. प्रत्यक्षात हाड आधीच झिजलेले असते आणि फटी कीटणाने भरलेल्या असतात. ते निघाल्यावर खरी स्थिती दिसते, एवढेच. काही दिवस थंड-गरम लागू शकते, ते बहुधा आपोआप कमी होते.

सफाई किती दिवसांनी करावी, याचा सर्वांना लागू पडणारा एकच नियम नाही. दंतवैद्य तोंड पाहून ठरवतात. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र चालढकल करू नये. साखर वाढलेली असली की हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांची सूज साखर नियंत्रणात येऊ देत नाही. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे आजार लपून राहतो. दात घासायला मिश्री वापरणाऱ्यांनी ती तंबाखूच आहे, हे विसरू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा हृदयाची झडप बदललेली असेल, तर सफाईआधी दंतवैद्याला तसे सांगावे. गोळ्या मात्र मनाने बंद करू नयेत.

लेव्हेनहूक म्हातारपणीही आपले तोंड तपासत राहिला. १६९२ मध्ये पुढच्या दातांवर जीव दिसेनात, तेव्हा रोजच्या गरम कॉफीने ते मेले असावेत असा तर्क त्याने केला. मागच्या दाढांवर मात्र त्याला ते पुन्हा सापडले. दात घासताना बहुतेकांचा ब्रश जिथे घाईने फिरतो, ती जागा हीच.

२६ ऑगस्ट १७२३ रोजी, नव्वदाव्या वर्षी, त्याचे डेल्फ्टमध्येच निधन झाले. शेवटच्या आजारातही तो स्वतःची लक्षणे सोसायटीला कळवत होता. भिंगे बनवण्याची खास रीत त्याने कोणालाही सांगितली नाही. दातांबद्दल त्याने जे पाहिले, ते मात्र सगळे लिहून ठेवले. रोज नेमाने दात घासणाऱ्या माणसाच्या तोंडातही हा थर उरतो, हे त्याने स्वतःच्याच दातांवर दाखवून दिले. म्हणून रोज दोन वेळा नीट ब्रश करावा, फटी साफ कराव्यात, आणि तरीही जे उरते ते कडक होऊन हिरडीत उतरण्याआधी दंतवैद्याकडून काढून घ्यावे. ब्रशला रक्त लागत असेल, तर दुखण्याची वाट पाहू नये.