प्रफुल्लकुमार सेन

प्रफुल्लकुमार सेन (१९१५–१९८२) हे मुंबईच्या केईएम रुग्णालयातील शल्यविशारद व भारतातील इंद्रिय-प्रत्यारोपणाचे एक प्रवर्तक होते. त्यांचा जन्म कोलकात्याचा, तर शिक्षण नागपुरात झाले.

देशातील मूत्रपिंड-प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न १९६५ साली याच रुग्णालयात झाला. मृत दात्याचे मूत्रपिंड बसवलेला रुग्ण फार दिवस जगला नाही. रक्तवाहिन्या जोडण्याचे तंत्र तोवर अवगत झाले होते. खरी अडचण त्यानंतरची होती. परके इंद्रिय शरीर स्वीकारत नाही. तो अस्वीकार रोखण्यासाठी अ‍ॅझाथायोप्रिन व स्टेरॉइडे दिल्यास प्रतिकारशक्ती खालावते आणि शरीरातील सुप्त विषाणू बळावतात. १९७१ साली लंडनमधील एका प्रत्यारोपित रुग्णाच्या लघवीत सापडलेला बीके विषाणू तर नव्या मूत्रपिंडालाच इजा करतो. ही इजा अस्वीकारासारखी दिसते, उपचार मात्र उलटा: औषधे वाढवण्याऐवजी कमी करावी लागतात.

सेन यांनी कुत्र्यांवर हृदय-प्रत्यारोपणाचे प्रयोग केले. फेब्रुवारी १९६८ मध्ये त्यांनी भारतातील पहिले मानवी हृदय-प्रत्यारोपण केले; रुग्ण काही तासांतच दगावला. १९६९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. मेंदूमृत्यूला भारतात तेव्हा कायदेशीर मान्यता नव्हती. ती १९९४ च्या कायद्याने मिळाली.