घटनासमितींतील डॉ. बाबासाहेब आंबेडकर

आपल्या सोलापुरांत सात रस्ता येथें निरनिराळ्या दिशांनीं आलेलीं माणसें एकत्र येतात, आणि एकानें दुसऱ्यास वाट दिली तरच सर्वांचा मार्ग सुकर होतो. राष्ट्राची घटना घडवितांनाहि हाच गुण लागतो. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या चरित्रांत तो विशेषेंकरून दिसून येतो.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजीं महू येथें झाला. अस्पृश्य गणलेल्या जातींतील म्हणून साताऱ्याच्या शाळेंत त्यांना गोणपाटावर वेगळें बसावें लागे; तहान लागली तरी नळास हात लावण्याची मुभा नसे. परंतु त्यांनीं विद्याभ्यास सोडला नाहीं, आणि न्यूयॉर्क व लंडन येथील उच्च पदव्या संपादन केल्या.

१९४६ सालीं ते बंगालमधून घटनासमितीवर निवडून गेले. काँग्रेसशीं त्यांचा विरोध जुना होता. तथापि १७ डिसेंबर रोजीं त्यांनीं संयुक्त भारताचा हिरीरीनें पुरस्कार केला. पुढें फाळणीमुळें त्यांचें सभासदत्व संपुष्टांत आलें, तेव्हां बॅ. जयकरांनीं सोडलेल्या मुंबईच्या जागेवर काँग्रेसनेंच त्यांना निवडून आणलें. २९ ऑगस्ट १९४७ रोजीं सात जणांची मसुदा समिती नेमली गेली व ते तिचे अध्यक्ष झाले.

४ नोव्हेंबर १९४८ रोजीं त्यांनीं मसुदा सभेपुढें मांडला. त्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या. त्यांतील २,४७३ प्रत्यक्ष चर्चिल्या गेल्या. मसुद्यांत खेड्यांना स्थान नाहीं, अशी अनेकांची तक्रार होती. जातिभेदाचे चटके सोसलेल्या बाबासाहेबांस खेडें हें संकुचित वृत्तीचें आगर वाटे, व तें त्यांनीं भर सभेंत सांगितलेंहि होतें. परंतु २२ नोव्हेंबर रोजीं ग्रामपंचायतींविषयींची दुरुस्ती पुढें आली, तेव्हां त्यांनीं ती मान्य केली. तेंच घटनेचें ४० वें कलम होय.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजीं चर्चेस उत्तर देतांना त्यांनीं राष्ट्रास सावध केलें. राजकीय समता मिळूनहि सामाजिक विषमता राहिली, तर लोकशाही धोक्यांत येईल. आणि कोणीहि पुढाऱ्याच्या चरणीं आपलें स्वातंत्र्य वाहूं नये, असा त्यांचा आशय होता. दुसऱ्या दिवशीं सभेनें घटना स्वीकारली; २६ जानेवारी १९५० पासून ती पूर्णपणें अमलांत आली. ६ डिसेंबर १९५६ रोजीं बाबासाहेबांचें निर्वाण झालें.

विद्यार्थिमित्रांनो, ज्यास पाण्याच्या नळापाशीं जागा नव्हती, त्यानें सर्वांस समान जागा देणारी घटना सिद्ध केली. आपलें मत निर्भयपणें मांडावें, आणि बहुतांच्या इच्छेचाहि मान राखावा, हा धडा आपण त्यांच्यापासून घ्यावा.