मार्लवाईची शाळा

गणपती ही विद्येची देवता. उत्सवात मुलांच्या स्पर्धा होतात, बक्षिसे वाटली जातात आणि मागच्या खुर्च्यांवर बसलेल्या पालकांत एक विषय हमखास निघतो. मूल वर्गात लक्ष देत नाही, गप्प बसते, नाहीतर दंगा करते. घरी मराठी, गल्लीत तेलुगू, शाळेत इंग्रजी अशी कसरत करणाऱ्या आपल्या घरांना हे नवे नाही. म्हणूनच यंदा आपल्याच जिल्ह्यात राहून गेलेल्या एका माणसाची आठवण करावीशी वाटते. त्यांचे नाव ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हैमेनडॉर्फ.

त्यांचा जन्म २२ जून १९०९ रोजी व्हिएन्नात, एका सरदार घराण्यात झाला. मानववंशशास्त्र हा त्यांचा अभ्यासाचा विषय. १९३६-३७ मध्ये ते नागा टेकड्यांत कोन्याक नागांमध्ये राहिले. १९३९ मध्ये पत्नी बेटी यांच्यासह पुन्हा भारतात आले आणि दुसरे महायुद्ध पेटले. ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांना निजामाच्या हैदराबाद संस्थानात राहण्याची मुभा मिळाली आणि या सक्तीच्या मुक्कामाचे त्यांनी सोने केले.

१९४० मध्ये जोडेघाटला कोमराम भीम यांचा लढा गोळीबाराने मोडून काढण्यात आला. राखीव जंगलाच्या नावाखाली गोंडांच्या जमिनी गेल्या होत्या, जंगलखात्याचा जाच वाढला होता. या असंतोषाचे मूळ शोधण्याचे काम निजाम सरकारने हैमेनडॉर्फ यांच्याकडे दिले. डाक बंगल्यात बसून अहवाल लिहिणे त्यांना मानवले नाही. दोघे नवरा-बायको मार्लवाई या गोंड गावात झोपडी बांधून राहिले. (हे गाव आता आसिफाबाद जिल्ह्यात गेले आहे.) तिथे राहून ते गोंडांची भाषा शिकले.

तिथे त्यांच्या ध्यानात आले, की जमिनीचा प्रश्न अक्षराशी जोडलेला आहे. कचेरीचा कागद उर्दूत, बाजाराचा व्यवहार मराठीत किंवा तेलुगूत, आणि गोंडी मात्र कुठेच नाही. ज्याला वाचता येत नाही, त्याचा अंगठा कुठेही उठतो. शाळा हवी, पण कोणत्या भाषेत? परक्या भाषेत बोलणाऱ्या परक्या मास्तरांसमोर बसवलेले मूल एकतर मुके होते, नाहीतर चुळबुळ करते, नाहीतर रानाकडे धूम ठोकते. मास्तरांना तो आळस किंवा खोडसाळपणा वाटतो. खरे तर त्या मुलाला काही कळतच नसते.

१९४३ मध्ये मार्लवाईला गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. शिकलेले गोंड मिळणार कुठून? थोडेफार मराठी लिहिता-वाचता येणारे काही तरुण हाती लागले आणि त्यांच्यापासून सुरुवात झाली. गोंडीची पहिली पुस्तके तयार झाली ती देवनागरी लिपीत. म्हणजे आपली अक्षरे त्या मुलांच्या कामी आली. हे तरुण पुढे गावोगाव शाळा चालवू लागले. समोर आपल्याच जातगोतातला, आपल्याच बोलीत हाक मारणारा गुरुजी असल्यावर मुलाला वर्गाची भीती कसली? जे काम छडीला जमत नाही, ते ओळखीच्या शब्दाला जमते.

पुढे हैमेनडॉर्फ निजाम सरकारचे आदिवासीविषयक सल्लागार झाले. हजारो आदिवासी कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले. केसलापूरच्या नागोबा जत्रेतला दरबार, जिथे आजही अधिकारी लोकांची गाऱ्हाणी ऐकतात, तोही त्यांच्याच काळातला. याच भागात अधिकारी म्हणून काम केलेले, निलंग्याला जन्मलेले आपले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनीही गोंडी आत्मसात केली आणि तिचे व्याकरण लिहिले.

हैमेनडॉर्फ पुढे लंडनला प्राध्यापक झाले. इकडे शिक्षणाचे माध्यम तेलुगू झाले आणि गोंडी पुस्तके मागे पडली. अनेक वर्षांनी ते परत आले, तेव्हा गोंडांच्या पुष्कळ जमिनी पुन्हा बाहेरच्यांच्या हाती गेलेल्या त्यांना दिसल्या. १९८२ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी ते स्पष्टपणे मांडले. त्या बाहेरच्यांत मराठी बोलणारेही होते, हे आपण विसरू नये.

१९८७ मध्ये बेटी हैदराबादला वारल्या. त्यांना मार्लवाईच्या मातीत विसावा मिळाला. ११ जून १९९५ रोजी हैमेनडॉर्फ लंडनला गेले आणि २०१२ मध्ये त्यांच्या अस्थीही बेटींच्या शेजारी आल्या. दर जानेवारीत गोंड बांधव तिथे जमून दोघांचे स्मरण करतात.

आपल्या मुलाबद्दल शाळेतून तक्रार आली, तर रागावण्याआधी एवढेच विचारावे: बाळा, बाई काय सांगतात ते तुला कळते का? आणि त्याच बाकावर एखादे गोंड लेकरू गप्प बसलेले असेल, तर त्याचीही चौकशी करावी. बाप्पाने ही बुद्धी आपल्या सर्वांना द्यावी.