कमल रणदिवे

डॉ. कमल जयसिंग रणदिवे, पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ (जन्म : पुणे, ८ नोव्हेंबर १९१७, मृत्यू : ११ एप्रिल २००१) या भारतीय पेशीशास्त्रज्ञ होत्या. कर्करोगाचा अनुवंशिकतेशी व विषाणूंशी असलेला संबंध, कुष्ठरोगाचे जंतू आणि प्रयोगशाळेत केले जाणारे पेशींचे संवर्धन हे त्यांच्या संशोधनाचे मुख्य विषय होते. मुंबईतील भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या त्या संस्थापक होत.

बालपण आणि शिक्षण

त्यांचे वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. आईचे नाव शांताबाई. कमल यांचे शालेय शिक्षण हुजूरपागेत झाले. मुलीने वैद्यक शिकावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे अशी वडिलांची इच्छा होती. मात्र त्यांनी फर्ग्युसनमधून वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय घेऊन पदवी मिळवली. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयात राहून १९४३ साली त्या एम.एस्‌सी. झाल्या. सीताफळाच्या कुलातील वनस्पतींची पेशीय अनुवंशिकता हा त्यांचा विषय होता. पेशीकडे पाहण्याची दृष्टी त्यांना अशी वनस्पतींकडून मिळाली. प्राण्यांच्या पेशी हाती येण्यास अजून अवकाश होता.

१९३९ साली गणितज्ञ जयसिंग रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. उच्च शिक्षणात पतीचे मोठे साहाय्य झाले. विवाहानंतर मुंबईस आल्यावर त्या टाटा स्मारक रुग्णालयात काम करू लागल्या. तेथे रोगनिदानशास्त्राचे ख्यातनाम संशोधक डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले व १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. खानोलकरांच्याच प्रोत्साहनाने त्या अधिछात्रवृत्ती घेऊन अमेरिकेतील बॉल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेल्या आणि जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकल्या. मानवी पेशींचा शरीराबाहेर अखंड वाढत राहणारा पहिला वंश, म्हणजे हेला पेशी, याच प्रयोगशाळेत १९५१ साली तयार झाला.

मुंबईतील प्रयोगशाळा

भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना परळ येथे १९५२ साली झाली. परदेशातून परतल्यावर रणदिवे यांनी तेथे प्रायोगिक जीवशास्त्राचा विभाग व ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. या कामाची अडचण आज सहज लक्षात येत नाही. शरीरातून काढलेल्या पेशी काचपात्रात जगवायच्या, तर क्षार, शर्करा, अमिनो आम्ले आणि रक्तद्रव योग्य प्रमाणात मिसळलेले पोषक द्रावण लागते, ३७ अंश सेल्सिअस तापमान राखावे लागते आणि जंतूंचा लवलेशही चालत नाही. पुढे १९६० च्या दशकाच्या आरंभी पोषक माध्यमे व इतर रसायने याच प्रयोगशाळेत तयार होऊ लागली. शोधनिबंधांच्या यादीत हे काम ठळकपणे दिसत नाही. पण त्याखेरीज पुढचे प्रयोग शक्य नव्हते.

कर्करोगजनन, पेशीजीवशास्त्र व प्रतिरक्षाशास्त्र यांचे विभाग रणदिवे यांच्या पुढाकाराने सुरू झाले. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या. उंदरांतील स्तनांच्या कर्करोगाचा अभ्यास करताना अनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू हे तिन्ही घटक एकत्र विचारात घ्यावे लागतात, ही त्यांची भूमिका होती. या अभ्यासातूनच आयसीआरसी या नावाचा उंदरांचा वंश संस्थेत तयार झाला.

सुपारी व तंबाखूवरील त्यांचे प्रयोग तर थेट घराघरातल्या पानसुपारीच्या तबकाशी निगडित आहेत. सहकाऱ्यांसह त्यांनी हॅमस्टर या प्राण्याच्या गालातील पिशवीवर सुपारीचा व तंबाखूचा अर्क लावून परिणाम तपासले. हे निबंध १९७६ व १९७९ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या काळी दोष मुख्यतः तंबाखूला दिला जाई. कोकणात जिचे आगर घरचे उत्पन्न मानले जाते, ती सुपारीही तपासली पाहिजे, असा विचार फारसा होत नसे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुपारी स्वतःच मानवास कर्करोगकारक असल्याचे नमूद केले.

कुष्ठरोगाचा जंतू

कुष्ठरोगाचा जंतू कृत्रिम माध्यमात वाढत नाही, ही लस बनवण्यातील मोठीच अडचण होती. १९५८ साली बापट, रणदिवे व खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या ऊतीपासून वेगळा केलेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवल्याचे जाहीर केले. तो आयसीआरसी जंतू म्हणून ओळखला जातो. तो खरोखर कुष्ठरोगाचाच जंतू आहे, हे मात्र सिद्ध होऊ शकले नाही. पुढील परीक्षणांत तो त्याच कुलातील दुसऱ्या गटाचा ठरला आणि कुष्ठजंतू आजही कृत्रिम माध्यमात वाढवता आलेला नाही. असे असूनही त्या जंतूपासून डॉ. माधव देव व बापट यांनी लस तयार केली. दक्षिण भारतातील तुलनात्मक चाचणीत तिच्यामुळे सुमारे ६५ टक्के संरक्षण मिळाल्याचे १९९८ साली प्रसिद्ध झाले. मूळ दावा टिकला नाही, तरी त्यातून निघालेले साधन उपयोगी ठरले.

पेशीसंवर्धन आणि दाहकारक प्रथिने

दाह निर्माण करणारी सायटोकाइन प्रथिने हा रणदिवे यांचा विषय नव्हता. त्यांच्या उमेदीच्या काळात ही प्रथिने शुद्ध रूपात उपलब्धच नव्हती. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, म्हणजे टीएनएफ, हे नाव १९७५ साली रूढ झाले आणि त्याचे जनुक १९८४ साली वेगळे करण्यात आले. तेव्हापासून ते जनुक ई. कोलाय जंतूत घालून पुनःसंयोजित प्रथिन तयार करतात. त्याची शक्ती मोजण्याची रूढ पद्धत मात्र पेशीसंवर्धनावरच उभी आहे. सी३एच जातीच्या उंदरापासून मिळालेल्या एल-९२९ पेशी अ‍ॅक्टिनोमायसिन-डी या औषधासह टीएनएफच्या वेगवेगळ्या मात्रांत ठेवतात आणि निम्म्या पेशी कोणत्या मात्रेला मरतात ते पाहतात. येथे एक फसगत होऊ शकते. ई. कोलायच्या आवरणातील विष प्रथिनात मिसळलेले राहिले, तर तेही काही पेशींत दाहाची प्रतिक्रिया घडवते आणि श्रेय प्रथिनाला जाते. म्हणून नमुना उकळून पुन्हा तपासतात. उकळल्याने प्रथिन निकामी होते, ते विष मात्र टिकते. अशा प्रयोगांसाठी शुद्ध पेशीवंश, विश्वासार्ह माध्यम आणि ते हाताळणारी प्रशिक्षित माणसे लागतात. भारतात ही पूर्वतयारी ज्या मोजक्या ठिकाणी लवकर झाली, त्यांत परळची प्रयोगशाळा होती.

सामाजिक कार्य व सन्मान

१९७३ साली अकरा सहकाऱ्यांसह त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. नवी मुंबईत वाशी येथील संघटनेच्या केंद्रात नोकरदार महिलांचे वसतिगृह व पाळणाघर आहे. निवृत्तीनंतर त्यांनी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी केली आणि तेथील स्त्रियांना आरोग्यविषयक प्रशिक्षण दिले. इंग्रजी लेखनात या तालुक्याचे नाव पुष्कळदा विदर्भातील अकोला असे समजले जाते; ते बरोबर नाही.

१९६४ साली त्यांना भारतीय वैद्यक परिषदेचा रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार आणि सूक्ष्मजीवशास्त्रासाठी वाटुमल प्रतिष्ठानचे पारितोषिक मिळाले. भारत सरकारने १९८२ साली त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. त्यांच्या नावावर दोनशेहून अधिक शोधनिबंध आहेत. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी, त्यांच्या १०४ व्या जन्मदिनी, गूगलने मुखपृष्ठावर सूक्ष्मदर्शकासह त्यांचे चित्र प्रसिद्ध केले.